सातवा दिवस

इंजेक्शननंतर सातव्या दिवशी येते नळी,
जांभळ्या टोपणाची.
लेबलावर घामट बोटाचा ठसा, नाव अर्धं पुसलेलं:
रेवणसिद्ध मा., वय पाच, पुरुष.
पाच वर्षांचा पुरुष.
मी त्याला पाहिलेलं नाही.

शहाण्णव खळग्यांची प्लेट हातात घेतली
की मला दर वेळी अप्पेपात्र आठवतं.
थेंब, थेंब, थेंब.
पिपेटचा अंगठा यंदा दुखायला लागलाय.
मग झाकण ठेवून वाट बघायची.
औषध जागं असेल तिथं रंग चढतो,
मोरचूद पाण्यात सुटावं तसा.

औषधाचं काम म्हटलं तर सोपं:
बिघडलेल्या पेशींना एक दाणा घरी रांधता येत नाही,
त्या रक्तातून मागून खातात.
औषध जाऊन रक्तातलं ते कोठारच झाडून काढतं.
त्या दाण्याला नाव मिळालं
शतावरीच्या भावकीतल्या एका भाजीवरून.
माझ्या बाळंतपणात आई शतावरीचा कल्प घेऊन
परळच्या जिन्याचे चार मजले चढली होती.
दुधात दोन चमचे, वेलदोड्याचा वास,
‘अंगी लागू दे गं.’
आणि मी इथं बसते
त्या कुळाचा दाणा
कुणाच्या लेकराच्या रक्तात उरू नये म्हणून.

रेवणला पुरळ नाही, ताप नाही, धाप नाही.
फाइलीत सिस्टरचं गोल अक्षर: सहन झालं.
खळगा सी-सात.
पांढरा.
पुन्हा लावला.
पांढरा.
अंगानं भांडण न करता
पाहुण्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलेलं.
कडी वाजली नाही,
कुत्रं भुंकलं नाही.
सहन होणं निराळं
आणि लागू पडणं निराळं,
हे मी नऊ वर्षांत शिकले,
तरी हात गार पडायचे ते पडतातच.

शेजारच्याच खळग्यात उम्मेहानी, मालवणीची,
दाट हिरवी-निळी, हवं त्याच्या चौपट.
तिचं पोट दुखतंय म्हणे आठवडाभर.
तिचा पुढचा डोस कमी होईल.
एकच वजन, एकच पुस्तक, एकच हिशेब,
आणि दोन पोरं अशी.

पेंढरकर बाईंना फोन लावला.
‘दोनदा केलंस?’
‘दोनदा.’
पलीकडे कागद उलटल्याचा आवाज.
‘मग बदलू.’
बदलायचं म्हणजे दुसऱ्या जिवाणूकडून घेतलेलं तेच काम,
सातासमुद्रापलीकडून, बर्फाच्या पेटीत,
एक दिवसाआड सुई,
आणि किंमत मी मुद्दाम विचारत नाही.
अर्ज ट्रस्टकडे गेला. सही झाली. तिसऱ्या दिवशी.

चहाच्या टपरीवर एका बाईनं माझं ओळखपत्र वाचलं,
अक्षर अक्षर लावून.
‘रक्त तपासता ना तुमी?
माझ्या रेवणचं औषध का बदललं वो?
त्येला तर काहीच झालं नव्हतं.
अंगावर एक फोड उठला न्हाई.
लई गुणाचं पोरगं.’
हातात दादरच्या धर्मशाळेतला डबा,
झाकणाला रबर.
मी म्हणाले, डॉक्टर सांगतील.
तेवढंच म्हणायची मुभा आहे मला.
तिनं माझ्या चहाचेही पैसे देऊ केले.

उद्या त्याची नवी नळी येईल,
या औषधाला सात दिवस नसतात, अठ्ठेचाळीस तासच.
प्लेटवरची जागा मी आत्ताच लिहून ठेवलीय.
कडेच्या खळग्यांत नको,
तिथं लवकर सुकतं.
मधोमध.